चुलवाणावरची दीर्घिका

मी एक दीर्घिका बोलते आहे. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वस्ती, आणि माझ्या वस्तीत सुमारे एक लाख कोटी तारे राहतात. सिंह राशी आणि तिच्या मागून उगवणारा भूतप हा तारकासमूह यांच्या मधल्या फिकट तुकड्याला तुमच्याकडच्या खगोलाच्या पुस्तकांत अरुंधतीचे केस म्हटले आहे. त्या केसांत मी आहे, पण नुसत्या डोळ्यांना सापडणार नाही. मला नाव नाही, क्रमांक आहे, आणि तो इतका लांब आहे की तो सांगण्यात तुमचा वेळ घालवत नाही.

तीस कोटी प्रकाशवर्षांवर बसलेल्या वस्तूला इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावची हकिगत कशी ठाऊक, असा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु फाटक्या छत्रीने, पडक्या विहिरीने आणि म्हाताऱ्या बैलाने आजवर आपली कहाणी सांगितली, तेव्हा त्यांचा कंठ कुणी तपासला नव्हता. तेवढीच सवलत मी मागते.

आकाशाकडे बघताना माणसे बहुधा आपल्या घरातलीच वस्तू पाहतात. जिथे शास्त्र्यांना सात ऋषी दिसले, तिथे शेतकऱ्याला म्हातारीचे बाजले दिसले आणि ते पळवायला निघालेले तीन चोर दिसले. यात अज्ञान फारसे नाही. अनोळखी गोष्ट ओळखीच्या भांड्यात ओतल्याशिवाय तिचे माप कळत नाही, ही समजून घेण्याची फार जुनी रीत आहे. माझ्या बाबतीत ते भांडे म्हणजे गुळाची काहील निघाली. कशी, ते सांगते.

माझा जन्म तेराशे कोटी वर्षांपूर्वीचा. जन्मतः माझ्यापाशी वायूखेरीज काही नव्हते. तारा घडायला आग लागते असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. तारा पेटतो नंतर. घडताना त्याला गारवा लागतो. वायू तापलेला असला की त्याचे कण सैरावैरा धावतात, एकमेकांना धरत नाहीत. तो निवला की कण मंदावतात, स्वतःच्या भाराने जवळ येतात, गोळा धरतात, आणि त्या गोळ्याच्या पोटात मग जाळ लागतो.

तरुणपणी माझ्याकडे गार वायूची चंगळ होती. चारी दिशांनी तो ओढ्यासारखा येत असे, आणि मी वर्षाला पाचशे-सातशे सूर्य सहज घडवत असे. तुमची आकाशगंगा आज वर्षाला एखाद-दुसरा सूर्य घडवते. ती काटकसरी आहे, पुरवून पुरवून खाते. मी तशी नव्हते. तेव्हा माझा रंग निळा होता, कारण मोठे, तापट, अल्पायुषी तारे निळेच असतात. माझ्या अंगावर सर्पाच्या वेटोळ्यांसारखे हात होते आणि ते फिरवत मी ऐटीत चालत असे.

पुढे शेजारच्या दोघी-तिघी माझ्यात मिसळल्या. दोन घरांचे सामान एका घरात लावताना जे होते तेच झाले: माझे हात मोडले, वेटोळी विस्कटली, आणि मी गोल झाले. अंगाने वाढले, पण आकार गेला. त्यात माझे निळे तारे एकापाठोपाठ एक फुटू लागले आणि त्यांच्या स्फोटांनी गार वायूचा मोठा वाटा उधळून दिला. मग एक काळ असा आला की मी तारे घडवणे थांबवले. निळे संपले, मागे लाल-पिवळे म्हातारे तारे उरले. तेव्हापासून सुमारे हजार कोटी वर्षे मी याच रंगात आहे.

थांबण्याचे कारण प्रत्येकीचे एकच असते असे नाही. माझ्या शेजारी काही कोटी वर्षांपूर्वी एक तरणी सर्पिल दीर्घिका वेगाने आमच्या समूहात शिरली. आमच्या समूहात सगळीकडे तापलेला विरळ वायू भरलेला आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावर मोटारसायकलीच्या मागे बसलेल्या माणसाची टोपी उडते, तेव्हा वारा नसतो. तो स्वतःच हवेतून वेगाने चाललेला असतो. तिचेही तसेच झाले. तिचा सगळा गार वायू टोपीसारखा मागे उडाला, आणि ती अजून मागे वळून बघते आहे.

माझे कारण वेगळे होते. ते मला ठाऊक आहे, पण सुप्रियाला ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने सांगते. तिचा त्यावर हक्क आहे.

सुप्रिया ही कळंबच्या रामहरीची मुलगी. बारामतीच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आकाशाची जी चित्रे आणि मोजमापे शास्त्रज्ञांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, त्यांतून तिने प्रकल्पासाठी मला निवडले. भर दुपारी, पंख्याखाली, डबा खाता खाता ती माझे निरीक्षण करी. सोमवारी तिला सगळ्या वर्गासमोर माझ्याविषयी बोलायचे होते. भाषणाच्या पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिले होते: मृत दीर्घिका. खाली कारण: वायू संपल्यामुळे ताऱ्यांची निर्मिती बंद.

तिच्या मार्गदर्शक स्वरूपा मॅडम यांनी गुरुवारी ते पान पाहिले.

“सुप्रिया, हिचं क्ष-किरणांचं चित्र बघितलंस?”

“नाही मॅडम. साध्या प्रकाशातली तेवढी बघितली.”

“बघ. हिच्याभोवती वायू केवढा आहे ते बघ. कोटी कोटी अंशांना तापलेला आहे, म्हणून साध्या चित्रात दिसत नाही. घरात पिठाचा डबा भरलेला आहे आणि भाकरी होत नाही. पीठ संपलं असं लिहून कसं चालेल?”

“मग भाकरी का होत नाही?”

“ते तू सांगायचंस. मी सांगितलं तर मार्क मला मिळतील.”

तापलेला वायू प्रकाश सांडत सांडत निवतो. हजार कोटी वर्षांत माझ्याभोवतीचा बराचसा वायू निवायला हवा होता. निवला नाही. म्हणजे त्याला कुणीतरी तापता ठेवत होते. कोण, हा प्रश्न पिशवीत घालून सुप्रिया शुक्रवारी दुपारच्या एसटीने गावी आली, आणि थेट भांडणात उतरली.

हे भांडण समजायचे तर गुऱ्हाळ समजले पाहिजे. रामहरीचे गुऱ्हाळ रस्त्याच्या कडेला आहे. जमिनीतल्या मोठ्या भट्टीला चुलवाण म्हणतात, आणि तिच्यावर काहील नावाची अजस्र कढई बसवलेली असते. उसाचा रस तिच्यात तीन-साडेतीन तास उकळतो, त्याचा पाक होतो. पाक तयार झाला की काहील उचलून तो वाफ्यात, म्हणजे बाजूच्या उथळ हौदात, ओततात. तिथे तो ढवळत ढवळत निवतो, आळतो, आणि मग साच्यात भरून त्याची ढेप होते. पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगणाऱ्या जाणत्याला गुळव्या म्हणतात. हा शब्द पुरुषासाठीच घडलेला आहे. पण या गुऱ्हाळावर तीस वर्षे गुळव्या होती धोंडाबाई. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याच्या जागी ती काहिलीपाशी उभी राहिली, आणि पुन्हा कुणी तिला बाजूला हो म्हणाले नाही.

या हंगामात तशी वेळ आली. सलग तीन काहिलींचा पाक वाफ्यात गेला आणि धरलाच नाही. ढेपा साच्यातून काढल्या की पोट सुटल्यासारख्या पसरत.

माणसांचा एक विशेष मला येथे नोंदवला पाहिजे. वाईट घडले की ती कारणाआधी करणी शोधतात. प्रथम उसाच्या बेण्याला दोष दिला गेला, मग खारवट जमिनीला, मग रस निवळायला घालतात त्या भेंडीच्या चिकाला. चुलवाणात उसाची वाळलेली चिपाडे लोटून जाळ सांभाळणाऱ्या झुंबरचे मत निराळे होते. पुण्याच्या गाडीतल्या एका बाईने काहिलीचा फोटो काढला आणि ‘केवढा गूळ’ असे उद्गार काढले, तेव्हापासूनच हे सुरू झाले, असे तो शपथेवर सांगे. म्हणून छपराला मिरच्या, लिंबू आणि बिब्बा टांगण्यात आले. पाक त्यांनाही बधला नाही. शेवटी दोष धोंडाबाईपाशी येऊन थांबला.

“मावशी, तीन काहिली झाल्या,” रामहरी म्हणत होता. तो वाईट माणूस नव्हता. म्हणून हे बोलताना तो तिच्याकडे न बघता काहिलीच्या कडीकडे बघत होता. “एकीची ढेप उभी ऱ्हायना. लोकं म्हणत्यात, बाईचा हात गेला.”

“कोण लोकं?”

“लोकं म्हंजी लोकं.”

“त्यास्नी म्हणावं, हितं या आन् गोळी बघा. माझी गोळी कधी चुकली का, झुंबर?”

झुंबरने जाळात नसलेले चिपाड उगीच नीट केले. “गोळी न्हाय चुकली,” तो म्हणाला. “पर आता डोळं बी...”

“डोळ्यानं बघत न्हाय मी. कानानं बघती.”

हे अक्षरशः खरे होते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून ती त्याची गोळी वळी, आणि काहिलीच्या काठावर मारी. टण् आवाज आला की पाक उतरवायची खूण करी. तीस वर्षांत त्या आवाजाने तिला फसवले नव्हते.

“पाक काहिलीतनं नीट उतरतुय, रामहरी. म्होरं त्याला काय हुतंय, त्ये मला कळंना.”

“म्होरं काय हुणार? म्होरं नवा वाफा हाय. त्याची तर पूजा झालीया.”

“मी कुठं वाफ्याला बोलले.”

“मग ऱ्हायलं काय?” रामहरीने कडी सोडली. “उद्याची काहील तुमची. धरली तर धरली. न्हाय धरली तर परवा कोल्हापूरकडचा गुळव्या येतुय. मी सांगून ठिवलंय.”

धोंडाबाईने पदराने हात पुसले. “येऊ दे की. येताना त्याचा ऊस बी घिऊन ये म्हणावं.”

बोलणे तिखट होते, पण त्यानंतर ती बराच वेळ रिकाम्या काहिलीच्या काठावर नख मारत बसली, हे सुप्रियाने पाहिले. मीही पाहिले. मला तिच्याविषयी आपलेपणा वाटला तो येथून. थांबलेल्या वस्तूकडे बघून ‘ही आतून संपली’ असे म्हणणे फार सोपे असते. माझ्याविषयी सुप्रियाने तेच लिहिले होते, आणि धोंडाबाईविषयी तिचा बाप तेच म्हणत होता. दोघांनीही रिकामे काय झाले एवढेच शोधले. भरलेल्याला कोण अडवते आहे, हे विचारले नाही.

शनिवारी सकाळी सुप्रिया वही घेऊन गुऱ्हाळावर येऊन बसली. पौषातली थंडी होती. काहिलीत रस चढला होता, झुंबर जाळ वाढवत होता, आणि धोंडाबाई मळी काढत होती, म्हणजे रसावर येणारा मळकट फेस झाऱ्याने बाजूला करत होती. ती आज कुणाशी बोलत नव्हती.

“काय पुटपुटतीस गं?” शेवटी तिलाच राहवले नाही.

“आज्जी, एक पाक हाय. भरपूर हाय. पर धरत न्हाय. का धरत न्हाय, सांग.”

झारा थांबला. “तुला बी तुझ्या बापानंच पाठिवलं व्हय?”

“न्हाय गं. ह्यो आभाळातला पाक हाय.”

“आभाळातला.” धोंडाबाईने तिच्याकडे नीट बघून घेतले. “बारामतीला ह्येच शिकिवत्यात का?”

“ह्येच. आता सांग.”

“आभाळातला असू दे न्हायतर काहिलीतला. पाक चांगला असंल आन् धरत नसंल, तर त्यो गार हुत न्हाय. दुसरं काय असतंय त्यात?”

“आन् गार का हुत न्हाय?”

“खाली जाळ असंल.”

असे म्हणून तिने झारा पुन्हा रसात घातला, आणि तसाच धरून ठेवला.

त्याच वेळी झुंबर ओरडला, “हाड! रोजचं झालंय हिचं.” रोज सकाळी गुऱ्हाळावरची करडी मांजर नव्या वाफ्याच्या मधोमध अंगाचे वेटोळे करून झोपे, आणि रोज सकाळी झुंबर तिला हाकले. ती उठली, अंग ताणले, दोन पावले गेली, झुंबरची पाठ वळलेली पाहून परत आली आणि पुन्हा त्याच फरशीवर पसरली.

सुप्रिया आणि धोंडाबाई, दोघी मांजरीकडे बघत होत्या.

“झुंबरतात्या, ही कवापास्नं झोपती तितं?”

“वाफा बांधल्यापास्नं. रामहरीनं तिच्यासाठीच बांधलाय जणू.”

सुप्रियाने वाफ्यात उतरून तळव्याने फरशी चाचपली. त्या दिवशी वाफ्यात अजून पाक पडायचा होता, आणि फरशी ताज्या भाकरीइतकी गरम होती.

रामहरीला बोलावण्यात आले. नव्या वाफ्याची हकिगत त्याच्याच तोंडून ऐकावी अशी होती. जुना वाफा बाहेर निंबाखाली होता. रस्त्यावरची धूळ गुळात जाते, गिऱ्हाईक नाक मुरडते, म्हणून त्याने दिवाळीत छपराखाली शहाबादी फरशीचा नवा वाफा बांधला. छपराखाली मोकळी जागा एकच होती: चुलवाणातला धूर जमिनीखालच्या ज्या बोगद्यातून धुराड्याकडे जातो, त्या बोगद्याच्या वर. हेतू स्वच्छ होता, फरशी गुळगुळीत होती, आणि पाडव्याला वाफ्याची यथासांग पूजा झाली होती.

चूक इथेच लपली. ज्या वस्तूला हळदकुंकू लागले तिची पुन्हा चौकशी करायची नाही, असा अलिखित नियम आहे. बेण्याची चौकशी झाली, जमिनीची झाली, पुण्याच्या बाईची झाली, धोंडाबाईची झाली. वाफ्यावर फुले होती, म्हणून वाफा सुटला.

“आगं, तीन काहिली वतल्यात त्यात,” रामहरी म्हणाला. “गरम लागणारच की.”

“आप्पा, आज अजून वतला कुठंय?”

रामहरीने चप्पल काढून पाय फरशीवर ठेवला. मग दुसरा ठेवला. पूजेच्या जागी पाय ठेवल्याचे त्याच्या ध्यानात आले तेव्हा तो चटकन बाहेर आला, आणि वाकून फरशीला नमस्कार करून घेतला. नमस्कार करताना तळवा पुन्हा फरशीला लागला, आणि या खेपेला त्याने तो लगेच उचलला नाही.

“पूजा केलीया त्याची,” तो हळू म्हणाला.

“पूजा ऱ्हाऊ दे तशीच,” धोंडाबाई म्हणाली. “पाक तेवढा निंबाखाली हलवू.”

इथे मला स्वतःविषयी सांगितले पाहिजे, कारण सुप्रिया त्याच क्षणी वहीत भराभर काहीतरी लिहू लागली होती, आणि ते माझ्याविषयी होते.

माझ्या मध्यभागी एक कृष्णविवर आहे. त्याचे वजन कित्येकशे कोटी सूर्यांइतके, आणि आकार माझ्या मानाने कणाएवढा. दिसत नाही, बोलत नाही. माझ्याभोवतीचा वायू थोडा जरी निवला, की त्याचा एखादा घास आत त्या विवराकडे घसरतो. विवरात पडता पडता तो घास इतका तापतो, की त्यातून दोन झोत उसळतात, आणि माझ्या भोवतालच्या वायूत मोठमोठे फुगे उठवतात. उकळत्या पाकात उठतात तसे. फुगे वर चढतात, वायू ढवळला जातो, पुन्हा तापतो. निवलेला वायू तापला की विवराचा घास बंद होतो, झोत मंदावतात. मग वायू पुन्हा जरासा निवतो, पुन्हा एक घास पडतो. हजार कोटी वर्षे हे असे चालले आहे.

चुलवाणाचा न्याय हाच आहे. काहिलीत ज्या उसाचा रस उकळतो, त्याच उसाची चिपाडे वाळवून खाली जाळतात. ऊसच उसाला तापवतो. माझाच वायू माझ्या वायूला निवू देत नाही. शास्त्रज्ञही पुष्कळ काळ माझ्याभोवती काय कमी झाले तेच मोजत होते. मध्यभागच्या त्या न दिसणाऱ्या चुलीकडे त्यांचे लक्ष उशिरा गेले. त्यांनी तिची पूजा केली नव्हती एवढाच फरक.

गुऱ्हाळावर मग धांदल उडाली. निंबाखालचा जुना वाफा पाचोळ्याने भरला होता आणि कोंबड्यांनी त्यात मातीची अंघोळ चालवली होती. झुंबरने कोंबड्या हाकलल्या, रामहरीने स्वतः खराटा घेतला, सुप्रियाने बादल्यांनी पाणी ओतले. वरून धूळ पडू नये म्हणून निंबाला पांढरे धोतर ताणून बांधले. ते रामहरीचे सणाचे धोतर होते, आणि याविषयी घरात पुढे बोलणी झाली.

दुपारच्या सुमारास रस गडद झाला. धोंडाबाईने वाटीतल्या गार पाण्यात थेंब सोडला, गोळी वळली आणि काठावर मारली. टण्. तिने हात वर केला. काहील उचलली गेली, आणि तांबूस पाक निंबाखाली उतरला.

त्यानंतर पाऊण घटका पाक ढवळणे चालले. हजार कोटी वर्षे वाट बघण्याचा मला सराव आहे. तरी ती पाऊण घटका मला लांब वाटली. धोंडाबाई लाकडी फावड्याने पाक ओढत होती, परत लोटत होती. आधी तो पाण्यासारखा मागे येई. मग फावड्यामागे त्याची रेघ उमटू लागली. मग रेघ मिटेना. कडेला दाणा आला, रंग फिका झाला, आणि फावडे जड झाले. रामहरी मदतीला पुढे आला तर तिने कोपराने त्याला मागे सारले.

पहिली ढेप साच्यातून निघाली आणि उभी राहिली. झुंबर तिच्याभोवती एक फेरी मारून आला. “बसली की बया,” तो म्हणाला. “बिब्ब्याचा गुण उशिरा आला.”

या गुऱ्हाळाची एक रीत आहे. हंगामातल्या पहिल्या धरलेल्या गुळाचा एक खडा जाळाला देतात आणि दुसरा मालक आपल्या हाताने गुळव्याच्या हातावर ठेवतो. यंदा गूळच धरला नव्हता, म्हणून रीत खोळंबली होती. रामहरीने एक खडा चुलवाणात टाकला. दुसरा घेऊन तो धोंडाबाईसमोर उभा राहिला, आणि उभाच राहिला.

“मावशी, काल मी जे बोललो...”

“कवा?”

“काल. कोल्हापूरचं.”

“मला ऐकू कमी येतं,” कानाने पाक बघणारी धोंडाबाई म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

कोल्हापूरकडच्या गुळव्याला फोन गेला, की आता येण्याची तसदी नको; आला तर जेवून जावे.

सोमवारी सुप्रियाने वर्गासमोर भाषण केले. पहिल्या पानावरचे ‘मृत’ आणि ‘वायू संपल्यामुळे’ हे शब्द तिने खोडले होते, आणि माझ्या चित्राशेजारी चुलवाणाची आकृती काढली होती: खाली जाळ, वर काहील, बाजूला बोगदा, बोगद्यावर वाफा. वाफ्यात मांजरही होती. मुले हसली. एकाने विचारले, की दीर्घिकेच्या अभ्यासात मांजर कशासाठी? सुप्रिया म्हणाली, “तापमापक आहे.” स्वरूपा मॅडमनी वहीत काहीतरी टिपले आणि एवढेच म्हणाल्या, “आता पिठाचा हिशेब लागला.”

माझी आजची स्थिती अशी आहे. मी मोठी आहे, गोल आहे, लाल-पिवळी आहे. माझे तारे एकेक करून मंदावतात. नवे फार क्वचित, चुकून, एखादे. माझ्याभोवती वायू अजून तापलेलाच आहे. माझा जो प्रकाश सुप्रियाच्या पडद्यावर पडला तो निघाला तेव्हा तुमच्या पृथ्वीवर डायनासोरही यायचे होते, त्यामुळे मधल्या काळात काय झाले हे तुम्हाला कळायला अवकाश आहे. तोवर एकच विनंती. एखादी वस्तू थांबलेली दिसली, तर ती संपली असे लिहिण्याआधी तिच्याखालच्या फरशीला एकदा हात लावून बघा. बाकी माझी तक्रार नाही.

पुढच्या शनिवारी सुप्रियाने माझे छापलेले चित्र गुऱ्हाळावर आणले. धोंडाबाईने ते हात पुसून घेतले, लांब धरले, जवळ धरले.

“ही का ती? ढेपंसारखीच दिसती की.”

“व्हय. आन् हिच्या भवती पाक हाय, आज्जी. लई हाय.”

“मग हिचा वाफा कोण हलिवणार?”

“कुणी न्हाय. चूल तिच्या पोटातच हाय.”

धोंडाबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे आजवर पुष्कळ दुर्बिणी रोखल्या गेल्या आहेत. इतक्या जवळून कुणी बघितले नव्हते.

“मग ऱ्हाऊ दे तिला तशीच,” ती म्हणाली. “ऊब तर हाय.”

छपराच्या मधल्या खांबाला, मिरच्या आणि बिब्ब्याच्या खाली, चित्र लावायचे ठरले. झुंबर डिंक शोधू लागला. धोंडाबाईने त्याची वाट पाहिली नाही. निंबाखालच्या वाफ्यातून तिने बोटभर पाक घेतला, चित्राच्या चारी कोपऱ्यांना लावला आणि चित्र खांबावर तळव्याने दाबून धरले. हात काढला तेव्हा पाक धरला होता.